शगुनाचे दोनशे एक्कावन्न

सोनल जगदाळे ऑफिसात नेमकं काय करते, हे तिच्या घरात कुणालाच धड सांगता यायचं नाही. कुणी विचारलंच तर नवरा मनीष "कॉम्प्युटरमध्ये आहे" म्हणून मोकळा व्हायचा. सासूबाई प्रेमलताबाई मात्र एकदा हट्टालाच पेटल्या. "सोळा वर्षं डबा भरून देऊन राहिले तुला. कशासाठी देते ते तरी कळू दे."

तेव्हा सोनलने ओट्याशी उभं राहूनच सांगितलं. "आई, कोठीच्या खोलीत सामान ढीगभर असू दे, इथं ओट्याशी उभं राहिलं की हात पोचतो तो या एकाच फडताळाला. ज्याला फडताळात जागा, ते कामाचं. बाकीचं असून नसल्यासारखं. आमच्या ऑफिसात यंत्राचे डबे बनतात, त्यांत छोटा प्रोसेसर असतो, त्याचं असंच. त्याचा जो आतला कारभारी, त्याला कर्नेल म्हणतात. त्याच्या वाट्याला खण एक हजार चोवीस. त्यातले बरेचसे कायमच्या सामानाला लागतात. उरलेले मोकळे ठेवायचे, येणाऱ्याजाणाऱ्यासाठी. कॅमेऱ्याचं चित्र आलं, ठेवलं, बघून झालं, काढलं. कुठले खण कशाला द्यायचे ते ठरवून लिहायचं, हे माझं काम."

"म्हणजे फडताळ लावतेस."

"हो. फडताळ लावते."

"त्याला इंजिनियर कशाला व्हावं लागतं गं?" असं म्हणून प्रेमलताबाई हसल्या. पण बाई पक्की गृहिणी. भाजी परतता परतता त्यांनी पुढचं बरोबर विचारलं, "मोकळे किती ठेवतेस?"

"तीनशे चौऱ्याऐंशी."

"अबब! एवढे कशाला?"

"परात ठेवायची असते ना. वाट्यावाट्यांच्या मधल्या फटी कितीही असल्या तरी त्या जोडून परात बसत नाही. तिला सलग जागा लागते."

प्रेमलताबाईंना ते एकदम पटलं. सोनलच्या ऑफिसातल्या काही शहाण्यांना पटलं नव्हतं, आणि सगळी आग तिथूनच लागली.

ऑफिस शहरातल्या पलासिया भागात, मागच्या गल्लीत, एका कोचिंग क्लासच्या डोक्यावर. नाव 'सरंजाम कंट्रोल्स'. मालक जयसिंगराव शितोळे. पणजोबा दरबारच्या घोडदळात होते, ती मिशी तेवढी वंशपरंपरेने खाली आली होती. बाकी माणूस हातानं सोल्डरिंग करत वर आलेला. सगळे त्यांना दादासाहेब म्हणत. सोनलच्या सासऱ्यांची आणि त्यांची जुनी ऊठबस, त्यामुळे ते सोनलला भर ऑफिसात 'सूनबाई' म्हणत. सोळा वर्षं म्हणत होते. सुरुवातीला तिला बरं वाटायचं. नंतर नंतर तिच्या ध्यानात आलं, की सूनबाई म्हटलं की माणूस उलटून बोलत नाही.

कंपनी डबे बनवायची ते बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजसाठी. थंड खोलीच्या छताला उष्णता पाहणारा कॅमेरा, बाहेर भिंतीवर डबा. डब्याच्या काचेवर तापमान दिसतं, ते वाढलं की डबा कॉम्प्रेसर सुरू करतो, फारच वाढलं तर भोंगा वाजवतो. माळव्याचं बियाणं सहा-सहा महिने अशा खोल्यांच्या भरवशावर झोपलेलं असतं.

आता दादासाहेबांची एक रीत. आकडा कुठलाही असो, शेवटी एक हवा. आहेर एकशे एकचा करतात ना, तसं. माल निघायचा तो एक्कावन्न डब्यांचा. प्रत्येक खेपेचा पहिला डबा खजरान्याला जायचा, गणपतीसमोर ठेवून, लाडू वाहून, कुंकू लावून परत यायचा. सोनलला त्यात कधी वावगं वाटलं नाही. ती स्वतः अथर्वशीर्ष म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडत नसे. चार वर्षांपूर्वी दादासाहेब म्हणाले, "सूनबाई, चालू करताना कंपनीचं चित्र दहा सेकंद दिसतं, ते अकरा करा." तिनं हसत हसत करून दिलं. काय बिघडतं? त्या हसण्याचा तिला पुढे इतका संताप आला, की आरशात स्वतःकडे बघवेना.

एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. मंगळवारी सकाळी सांवेरहून फोन आला. तिथल्या कोल्ड स्टोरेजच्या तीन नंबरच्या खोलीत कॉम्प्रेसर दोन दिवस बंद होता आणि कुणाला पत्ता नव्हता. बटाट्याला पाणी सुटलं, वरच्या थराला वास आला. बियाणं चाळीसेक शेतकऱ्यांचं.

देवदत्त तीन वर्षांपूर्वी पुण्याहून आलेला, सॉफ्टवेअरचा प्रमुख म्हणून. त्याच्याकडे सगळ्याचं उत्तर तयार. "ऑपरेटरचा निष्काळजीपणा आहे, ताई. तिथला माणूस झोपला आणि रजिस्टरमध्ये खोटे आकडे भरले. रिपोर्ट मी लिहून ठेवलाय. तुम्ही जाऊन फक्त बघून या आणि सही करा."

"न बघताच लिहिलात?"

"बघण्यासारखं काय आहे त्यात?"

सोनल सांवेरला बसमधून उतरली तेव्हा अकरा वाजले होते, ऊन डोक्यावर. कोल्ड स्टोरेजच्या चौकात पोती फोडून बटाटे पसरले होते. बायका-माणसं चांगलं-वाईट निवडत बसली होती. कुजक्या बटाट्याचा वास एकदा नाकात गेला की जेवणापर्यंत सोबत करतो. आणि त्या सगळ्यांच्या मधोमध, वजनकाट्याला टेकून, एक पन्नाशीचा वाळका माणूस उभा होता. श्रीराम पाटीदार, तिथला ऑपरेटर. कोल्ड स्टोरेजच्या मालकानं, म्हणजे शेठनं, त्याच्या चाव्या काढून घेतल्या होत्या, पण घरी जायचीही परवानगी नव्हती. पोलिसांत द्यायचं की नाही, ते कंपनीचा रिपोर्ट आल्यावर ठरणार होतं.

येणारा-जाणारा त्याला टोचून जात होता. एक म्हातारा म्हणाला, "एकज आंकड़ो इक्कीस बार लिख्यो रे! हाथ भी नी दुख्यो थारो?" बाकीचे हसले. तसलं हसू रडण्यापेक्षा वाईट.

शेठनं रजिस्टर सोनलपुढे आपटलं. "आप ही देख लो, मैडम."

तिनं पाहिलं. निळं पेन, एकेक अक्षर शाळेतल्यासारखं टपोरं. दर दोन तासांनी नोंद. रविवारी दुपारी दोनला ३.२. चारला ३.२. सहाला ३.२. तिथून थेट मंगळवारी पहाटे सहापर्यंत ३.२. एकवीस वेळा. जोडीदार लग्नाला गेलेला, म्हणून दोन्ही पाळ्या यानंच केल्या होत्या. भरलेली खोली उघडायची नाही, गारवा जातो, हा शेठचाच हुकूम. म्हणजे डोळ्यांपुढे काय ते ती काच.

"आपने यही देखा था?" तिनं विचारलं.

"मैडमजी, म्हने जो दीख्यो वोज लिख्यो." त्याचा आवाज बसला होता. "काँच पे तीन-दो थो, तो तीन-दो लिख्यो. बीच में कदी तीन-चार, कदी तीन-एक लिखतो, तो सगला मानी जाता. पण वो झूठ होतो."

सोनलचा हात पानावरच राहिला. खरंच होतं. याने चार आकडे मनाने बदलले असते तर कुणाला संशय आला नसता. जे दिसलं ते इमानानं लिहिलं, म्हणूनच तो चोर ठरला.

मग तिला समासातलं बारीक अक्षर दिसलं. रविवारी सहाच्या नोंदीशेजारी: 'मशीन की आवाज नी आवे. कंपनी को फोन. बोल्या ठीक है.' सोमवारी सकाळी आठला पुन्हा तेच.

"फोन किया था?"

"दो बार. वां से कोई साब बोल्या, काँच पे कितनो है? म्हने कियो, तीन-दो. तो बोल्या, फिर मशीन से ज्यादा थने मालम है कई?"

शेठ मध्येच गुरकावला, "बाद में लिख दिया होगा कोने में. होशियार है."

राग आला की सोनलची वाचा बसायची, हे माहेरपासूनचं. रामबागेतली तिची आई म्हणायची, सोनी भांडत नाही, साठवते. तिनं लॅपटॉप काढला आणि डब्याला केबल लावली.

कर्नेल आपल्या आत जे जे घडतं त्याची टिपणी ठेवतो. ती वर वर सरकवत ती रविवारपर्यंत आली. आणि दुपारी एक चाळीसला ते वाक्य होतं. सोळा एमबीची, म्हणजे सोळा खणांची, सलग जागा मागितली, मिळाली नाही. 'व्हीमॅलॉक'ची जागा वाढवा. व्हीमॅलॉक म्हणजे तेच मोकळे खण. डब्यानं दर मिनिटाला हेच लिहून ठेवलं होतं. हजारो वेळा. जागा नाही, वाढवा. जागा नाही, वाढवा. निर्जीव पत्र्याचा डबा बोंबलत होता आणि फोनवरचा माणूस म्हणत होता, ठीक आहे!

पण जागा नाही कशी? तीनशे चौऱ्याऐंशी खण तिनं दोन महिने अहोरात्र चालवून पाहिले होते. तिनं डबा सुरू होतानाची पहिली ओळ काढली, जिथं कर्नेलला जागेचा हिशेब दिलेला असतो.

तिथं लिहिलं होतं दोनशे एक्कावन्न.

तिनं तीनदा वाचलं. मग व्हरांड्यात जाऊन देवदत्तला फोन लावला.

"अच्छा ते? अहो ताई, एक जीबी रॅम टाकतो आपण आणि तुमच्या त्या तीनशे चौऱ्याऐंशीमुळे एकशे तेहतीस एमबी नुसती पडून राहते. नव्या रंगीत ॲपला रॅम कमी पडत होती. दादासाहेब म्हणाले, करा कमी. तसंही सगळीकडे दोनशे चाळीसच असतं, आपण तर वर अकरा दिले!"

"अकरा कुठून आले?"

"दोनशे एक्कावन्न होतात ना. शुभ." तो हसला. "तुम्हाला तर आवडायला हवं. तुम्ही देवाधर्माच्या."

"मला विचारलं का नाही?"

"एका आकड्यासाठी मीटिंग घ्यायची का?"

"टेस्ट किती दिवस चालवली?"

"चार दिवस. मस्त चालला."

चार दिवस! हा डबा इथं लागला आणि अकराव्या दिवशी अडकला. रोज चित्रं यायची, जायची, मध्ये कुठे एखादी वाटी राहून जायची. तीनशे चौऱ्याऐंशीत तेवढं खपत होतं. दोनशे एक्कावन्नात अकराव्या दिवशी फटी पुष्कळ होत्या, पण परातीला जागा उरली नाही.

"रविवारी संध्याकाळी इथून फोन आला होता?"

"रोज शंभर फोन येतात, ताई."

"सहा वाजता. आणि काल सकाळी आठला. मशीनपेक्षा तुला जास्त कळतं का, असं कोण म्हणालं त्याला?"

"तुम्ही सही करणार आहात की नाही?" देवदत्तचा आवाज बदलला होता. तिनं फोन ठेवला.

डोकं तापलं होतं. अजून एक गोष्ट मात्र बाकी होती, आणि ती तिला मनातून ठाऊक होती, म्हणूनच शेवटी ठेवली होती. चित्र मिळेनासं झाल्यावर काचेवर ३.२ का राहिलं? रिकामं का झालं नाही? भोंगा का वाजला नाही? तिनं प्रोग्रामचा तो भाग उघडला. नवा आकडा नाही आला तर जुनाच ठेव. कारण कधी एखाद-दुसरा सेकंद चित्र चुकतं, तेवढ्यानं काच लुकलुकू नये. सेकंदाचं ठीक. पण चाळीस तास? किती वेळ जुना ठेवायचा, ते लिहायचंच राहिलं होतं. त्या ओळीशेजारी नाव सोनल जगदाळे. स्वतःचंच.

म्हणजे दोनशे एक्कावन्नानं डबा आंधळा केला, आणि आंधळ्याला ठामपणे खोटं बोलायला हिनं शिकवलं होतं. त्या ३.२ कडे बघून डबा म्हणत होता, गार आहे, कॉम्प्रेसर कशाला हवा? आणि बाहेर हा माणूस तेच इमानानं उतरवून घेत होता.

शेठनं विचारलं, "तो मैडम? रिपोर्ट?"

श्रीराम बघत होता. सगळा चौक बघत होता.

"ऑफिस जाकर देती हूँ," सोनल म्हणाली. लॅपटॉप पिशवीत घातला आणि बस पकडली.

बुधवारी सकाळी ती दादासाहेबांच्या केबिनमध्ये गेली. छापील रिपोर्ट टेबलावरच होता, सहीची जागा पेन्सिलनं खूण करून. तिनं घडलं ते सांगितलं. आपली ओळही सांगितली, लपवली नाही. दादासाहेबांनी सगळं ऐकलं, मिशीवरून हात फिरवला आणि अगदी मायेनं म्हणाले, "सूनबाई, बसा. चहा घ्या. आकडा कमी पडला म्हणता ना? वाढवून देऊ की. तीनशे एक करू."

"तीनशे एक नाही पुरणार."

"मग तीनशे एक्कावन्न?"

"दादासाहेब, तीनशे चौऱ्याऐंशी. दोन महिने तपासलेला आकडा आहे तो."

"अहो, पण चौऱ्याऐंशी म्हणजे..." ते कळवळले. "चौऱ्याऐंशीचा फेरा. बरं, तुमचंही राहू दे, माझंही राहू दे. तीनशे एक्क्याऐंशी! तिनाने काय बिघडतं?"

सोळा वर्षांत सोनलचा आवाज त्या केबिनच्या दाराबाहेर कधी गेला नव्हता. त्या दिवशी तो खालच्या कोचिंग क्लासपर्यंत गेला असावा.

"भाजी घेऊन राहिलात का आपण? चाळीस घरांचं बियाणं चौकात सडून पडलंय! तो माणूस वजनकाट्याला टेकून उभा आहे, जो तो त्याला चोर म्हणून जातो, आणि आपण मला तिनाचा भाव करता?"

"सूनबाई, श्रद्धेवर बोलायचं नाही." दादासाहेबांचे डोळे बारीक झाले. "डबा खजरान्याला नेऊन आणलाय. पहिला डबा होता तो."

"तर मग ऐका. खजरान्याच्या गणपतीला मीही मानते, आपल्याइतकंच मानते. त्यानं कधी मागितलं होतं हे? विघ्न आपण आपल्या हातानं टाइप करायचं आणि हरायला त्याला बोलवायचं? रॅम हवी होती, काम न करता हवी होती, म्हणून आकडा कापला. वर एकाची टिकली लावली, म्हणजे कुणी विचारू नये. ही श्रद्धा आहे? हा आळस आहे, दादासाहेब. देवाच्या आड बसलेला आळस."

देवदत्त दारात येऊन उभा होता. "ताई, एका ऑपरेटरसाठी कंपनी बुडवायची का? इथं अठरा घरं चालतात."

"त्याचं एक घर मोजलंत का? आणि तुम्ही तर बोलूच नका. दोन फोन खाऊन बसलात."

दादासाहेब उठले. आता आवाजात माया नव्हती. "सही करा. नाहीतर सांवेरला पाऊल टाकायचं नाही. मी जगदाळ्यांशी बोलतो."

म्हणजे सासऱ्यांशी. बेचाळीस वर्षांच्या बाईची तक्रार सासऱ्यांकडे! सोनलने रिपोर्ट उचलला, उभा-आडवा फाडला आणि चहाच्या बशीत ठेवला. मग जागेवर जाऊन तिनं मूळ प्रतीत तीनशे चौऱ्याऐंशी घातले, जुना आकडा पाच सेकंदांपेक्षा जास्त टिकला तर काच कोरी आणि भोंगा सुरू असं केलं, आणि शुक्रवारी निघणाऱ्या एक्कावन्न डब्यांवर 'तपासणी बाकी' असा कागद चिकटवून घरी आली.

घरी प्रेमलताबाई कणीक मळत होत्या. सोनलने पाणीसुद्धा न पिता सगळं भडाभडा सांगितलं. त्या ऐकत राहिल्या, हात कणकेतच.

"शगुन पाकिटात घालायचं असतं गं," त्या म्हणाल्या. "कणकेत मीठ घालताना कुणी शगुनाची चिमूट वर घालतं का? लागतं तेवढंच घालावं. देवालाही खारट पोळी नको असते." मग मान वर करून म्हणाल्या, "शितोळ्यांचा फोन आला तर मी उचलेन, ह्यांना देणारच नाही. पण मला एक सांग. तू काल सांवेरला होतीस ना? तिथंच कळलं होतं ना तुला?"

"हो."

"मग त्या माणसाला काय सांगून आलीस?"

सोनल माठाकडे वळली.

"काहीच नाही?" प्रेमलताबाईंनी कणकेवर ओलं फडकं टाकलं. "मग शितोळ्यांवर कशाला ओरडून राहिलीस एवढी?"

ती थप्पडच होती, आणि बरोबर गालावर बसली. रात्री जेवण गेलं नाही. सकाळी अथर्वशीर्ष म्हणताना दोनदा अडली. मग तिनं हिंदीत पत्र लिहिलं. खणांचा आकडा कुणी बदलला, किती केला, का केला, फोन दोनदा आला होता, आणि जुना आकडा धरून ठेवणारी ओळ आपली होती. खाली सही. गुरुवारी पहिल्या बसनं निघाली.

शेठनं पत्र वाचलं. मग दोनदा घसा खाकरून श्रीरामला आत बोलावलं आणि चाव्या टेबलावर सरकवल्या. "चल, हो गया. कल से आ जा. मशीन की गलती निकली."

श्रीरामनं चाव्यांना हात लावला नाही.

"ले ना भिया, अब क्या है?"

"यां बंद कमरा में नी," श्रीराम म्हणाला. "चोर तो चौक में बोल्या था. चौक में बोलो."

शेठ वैतागला. "अरे, जाने दे ना!"

"नी जाने दूँ."

सोनल उठली. "चलिए," ती म्हणाली. "मैं बोलती हूँ."

चौकात निवडायला बसलेली तीस-चाळीस माणसं होती. ती वजनकाट्याशेजारी उभी राहिली. भाषणाची सवय नाही. पण बोलली. "श्रीरामजी ने जो लिखा, वो सही लिखा. काँच झूठी थी. काँच के पीछे जो मशीन है, उसकी जगह हमारी कंपनी ने काटी. और जब मशीन को दिखना बंद हुआ, तब पुराना आँकड़ा दिखाते रहना, ये मैंने लिखा था. इन्होंने दो बार फोन किया. हमने नहीं सुना. गलती हमारी है, इनकी नहीं."

मग तोच म्हातारा, हात दुखले नाहीत का विचारणारा, हातातला बटाटा आपटून उभा राहिला. बटाटा फुटून तिच्या साडीच्या काठावर उडाला. "तो म्हारो बीज? वो कुण देगो? तू देगी?" दुसरा ओरडला, तिसरा ओरडला. दोन दिवस श्रीरामवर जे बरसत होतं ते सगळं तिच्यावर आलं. ती हलली नाही. "चिट्ठी में सब लिखा है, दस्तखत है मेरा. शेठजी के पास है. उसकी नकल आप सब लीजिए. कंपनी मुकरे तो वही दिखाइए." तेवढं मात्र ती ठणकावून म्हणाली.

शेठनं कळवलं असावं, पिशवीत फोन वाजत होता. दादासाहेब. तिनं तिथंच उचलला.

"सूनबाई, कंपनीचं नाव घेतलंत तुम्ही?"

"घेतलं. पत्रात आपलं घेतलं, देवदत्तचं घेतलं. माझंही घेतलं."

"उद्या येऊ नका."

"डब्यांवरचा कागद मात्र काढू नका. मी नसले तरी आकडा तोच ठेवा," ती म्हणाली आणि फोन बंद केला.

गलका हळूहळू शेठकडे वळला. नकला मागायला माणसं त्याच्या दाराशी जमली. म्हातारा जाता जाता श्रीरामपाशी थांबला, काहीतरी पुटपुटला, त्याच्या खांद्याला हात लावला. श्रीरामनं खांदा काढून घेतला. मग तो सोनलपाशी आला. ती मनातून आभाराच्या दोन शब्दांची वाट बघत असेल, तर ती चूकच होती.

"मैडमजी, परसों तमे यां बैठ्या था. केबल लगई थी. परसों मालम पड़ी गयो थो नी तमारे?"

"हो," ती मराठीतच म्हणाली. मग, "हाँ."

"तो परसों क्यों नी बोल्या?"

खूप कारणं होती. ऑफिस, सूनबाई, आपली ती ओळ, बस. एकही त्या माणसापुढे ठेवण्यासारखं नव्हतं.

"दो रात म्हारी छोरी यां रोटी लई के अई," श्रीराम म्हणाला. "सगला का सामने. परसों बोलता, तो एक भी रात नी आनो पड़तो."

तो ओरडला नाही. ओरडला असता तर तिनं ऐकून घेतलं असतं, चौकाचं ऐकलं तसं. तिनं मान खाली घातली. "डर गई थी," एवढंच म्हणाली.

श्रीराम वळला. मग शेठच्या टेबलावरून चाव्यांचा जुडगा घेऊन आला. "अब काँच पे जो दीखे, वो लिखूँ के नी लिखूँ?"

"अभी नहीं. नई मशीन लगने तक अंदर काँटेवाला थर्मामीटर टाँगो. उसका लिखो."

"शेठ बोलेगो किवाड़ मत खोल."

"मैं बोलती हूँ, खोलो."

"बोलनो नी," तो म्हणाला, आणि रजिस्टर उघडून पेन तिच्या हातात दिलं. "लिख के दो."

एकवीस ३.२ च्या खाली तिनं लिहिलं, की रविवार दुपारपासून काच अडकली होती, वरच्या नोंदी खऱ्या आहेत, आणि डबा बदलेपर्यंत दर दोन तासांनी खोली उघडून आतलं तापमान घ्यावं. नाव, तारीख, वेळ. श्रीरामनं एकेक शब्दावर बोट ठेवत मोठ्यानं वाचलं, शेठलाही ऐकू जाईल असं. मग रजिस्टर काखेत मारलं आणि तीन नंबरच्या दाराकडे चालू लागला.

"अरे हटो सब," तो दाराशी उभ्या असलेल्यांना म्हणाला, "किवाड़ खोलूँ."